घोरणाऱ्याच्या डोळ्यात कोण बघणार?

विहारात किंवा समाजमंदिरात डोळ्यांचं शिबिर लागलं की आम्ही नोंदणीच्या टेबलावर बसतो. नाव, वय, शुगर आहे का, बीपी आहे का, हे विचारून झालं की गेली काही वर्षं आम्ही आणखी एक प्रश्न विचारतो : रात्री घोरता का? घोरता घोरता श्वास अडकतो का? रांगेत हसू फुटतं. "सिस्टर, डोळे दाखवायला आलोय, नाक नाही," असं कोणीतरी बोलतंच. सोबत आलेली बायको मात्र बहुतेक वेळा हसत नाही. ती म्हणते, "अडकतो तर. मी हलवून उठवते, तेव्हा परत सुरू होतो."

डोळ्यांच्या रांगेत हा प्रश्न कशाला, हेच या वेळी सांगायचं आहे. आमचं म्हणणं असं की, ज्याला शुगर आहे, बीपी आहे किंवा ज्याच्या डोळ्याच्या पडद्यावर काही दोष निघाला आहे, त्याच्या झोपेची चौकशी झाल्याशिवाय ती तपासणी पुरी झाली असं कोणी म्हणू नये. आणि ज्याचा झोपेत श्वास थांबतो, त्याच्या डोळ्याचा पडदा कोणीतरी नीट बघितला पाहिजे.

रात्रपाळी केलेल्या कुठल्याही नर्सला तो आवाज ओळखता येतो. आधी मोठं, चढत जाणारं घोरणं. मग एकदम शांतता. नवख्या मुलीला वाटतं, बरं झालं, झोपले एकदाचे. जुनी सिस्टर हातातलं पेन खाली ठेवते आणि कान देते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. छाती-पोट वरखाली होत असतं, पण नाकातोंडातून हवा जात नसते. मग गुदमरल्यासारखा एक मोठा श्वास, अंगाला झटका, कूस बदलणं, आणि घोरणं पुन्हा सुरू. पेशंटला सकाळी यातलं काही आठवत नाही. त्याला एवढंच कळतं की आठ तास झोपूनही अंग जड आहे, डोकं दुखतंय, तोंड कोरडं पडलंय.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, पडजिभेजवळची वाट बंद होते. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला, किंवा फारच उथळ झाला, की एक घटना मोजतात. तासाला पाचपर्यंत फारशी काळजी नसते. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, आणि तीसच्या वर म्हणजे तीव्र. तासाला ३० धरले तरी सात तासांच्या झोपेत २१० वेळा कोणीतरी गळा दाबून सोडावा तसं हे होतं. तेवढ्या वेळा रक्तातला ऑक्सिजन खाली जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदू घाबरून शरीराला जागं करतो आणि बीपी उसळी मारतं. आपल्या घरांत मात्र याला "ढाराढूर झोपलाय" म्हणतात. दमून आलाय, घोरणारच. आणि गुदमरून, दचकून उठला तर छातीवर काहीतरी बसलं होतं म्हणून अंगारा लावणारेही अजून आहेत. छातीवर काही बसलेलं नसतं. घशात वाट बंद झालेली असते.

आता डोळ्याकडे येऊ. डोळ्याच्या मागच्या भिंतीला जो पडदा असतो, तो शरीरातल्या सगळ्यात जास्त ऑक्सिजन लागणाऱ्या भागांपैकी एक आहे. त्याच्या आतल्या थरांना रक्त पुरवणारी मुख्य धमनी एकच. ती डोळ्याच्या नसेतून आत शिरते आणि तिच्या फांद्या केसाहून बारीक होत पडद्यावर पसरतात. शेजारची फांदी बंद पडली तर दुसरीकडून रक्त आणायला सहसा वाट नसते. शरीर न कापता रक्तवाहिन्या सरळ डोळ्यांनी बघता येतात त्या इथेच. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून डॉक्टर आत बघतात, तेव्हा ते फक्त डोळा बघत नसतात. मेंदूत, मूत्रपिंडात, हृदयात बारीक रक्तवाहिन्यांचं काय चाललं असेल, याची चुणूक त्यांना तिथे मिळते.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. आपण डोळे मिटून झोपतो म्हणजे डोळा विश्रांती घेतो असं आपल्याला वाटतं. पडद्याचं उलट आहे. मंद उजेडात बघण्याचं काम करणाऱ्या पेशींमधून अंधारात विजेचा बारीक प्रवाह सतत वाहत असतो, उजेड पडला की तो कमी होतो. तो प्रवाह चालू ठेवायला इंधन लागतं. म्हणून अंधारात पडद्याची ऑक्सिजनची गरज दिवसापेक्षा वाढते. ज्या वेळी त्याला जास्त हवं, नेमक्या त्याच वेळी ॲप्निया झालेल्या माणसाच्या रक्तात ऑक्सिजन तुटतो. (म्हणून दिवा लावून झोपू नका. शुगरच्या पेशंटना डोळ्यांवर मंद उजेडाचा मुखवटा लावून झोपवण्याचा प्रयोग झाला आहे, त्याचा उपयोग दिसला नाही.)

पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आपला घेर स्वतः कमीजास्त करतात. मेंदूकडून त्यांना नसेवाटे हुकूम येत नाही. आजूबाजूला ऑक्सिजन किती, कार्बन डायऑक्साइड किती, हे ओळखून त्या रुंद होतात किंवा आवळतात. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा पदार्थ सुटतो, तो तिला सैल ठेवतो. रोज रात्री ऑक्सिजन शेकडो वेळा पडला आणि चढला की हे अस्तर दुखावतं. सैल करणारा पदार्थ कमी होतो, आवळणारे पदार्थ वाढतात, सूज आणणारी रसायनं फिरू लागतात. वरून बीपीचे हिसके असतातच. रबराची नळी एकदा ताणली तर काही होत नाही, पण वर्षानुवर्षं रोज रात्री दोनशे वेळा ताणली तर तिचं काय होईल, ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांना ॲप्नियाच्या पेशंटमध्ये काय काय दिसतं? पडद्यावरच्या धमन्या बारीक झालेल्या. धमनी जिथे शिरेला ओलांडते तिथे शीर दबलेली. या ठिकाणी दोघींभोवतीचं आवरण एकच असतं, त्यामुळे धमनी कडक झाली की शेजारच्या शिरेवर दाब पडतो. ती शीर तुंबली तर पडद्यावर रक्तस्राव होतो, पाणी साठतं, आणि एका डोळ्याची नजर अचानक धूसर होते. काचबिंदूशी या आजाराचं नातं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. काहींची वरची पापणी इतकी सैल होते की बोटाने सहज उलटी होते, आणि ज्या कुशीवर झोपतात त्या बाजूचा डोळा सकाळी लाल, चिकट असतो. ही पापणी दिसली तर जाणकार डॉक्टर चष्म्याच्या आधी झोपेबद्दल विचारतात.

सगळ्यात वाईट प्रकार डोळ्याच्या नसेचा. या नसेच्या तोंडाशी रक्तपुरवठा अपुरा पडतो आणि नस सुजते. दुखत नाही. बहुतेक वेळा पन्नाशी ओलांडलेला माणूस असतो. सकाळी उठून तोंड धुताना लक्षात येतं की एका डोळ्याने खालचा भाग काळा दिसतोय. मोतीबिंदू असेल म्हणून तो दहा-पंधरा दिवस घालवतो. खरं तर नजर खात्रीने परत आणणारा उपाय या आजारावर आजही नाही. ज्याचा एक डोळा असा गेला, अशा शंभर जणांपैकी जवळजवळ १५ जणांचा दुसरा डोळाही पाच वर्षांत जातो, असं अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं. पंजाबातल्या खेड्यात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत आयोवाला काम केलेले डॉ. सोहन सिंग हयरेह यांनी आयुष्यभर याच नसेचा अभ्यास केला. त्यांचा भर रात्रीवर होता. झोपेत बीपी फार खाली गेलं, तर आधीच अरुंद जागेत दाटीने बसलेली नस उपाशी राहते, असं त्यांनी मांडलं. २००२ साली स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी असे डोळ्याची नस गेलेले १७ पेशंट झोपेत तपासले. १२ जणांना स्लीप ॲप्निया निघाला. तुलनेसाठी घेतलेल्या १७ जणांत तो तिघांनाच होता.

सतरा पेशंट म्हणजे फार नाहीत, हे आम्हालाही कळतं. नंतर मोठे अभ्यास झाले आणि त्यांतही हे नातं दिसत राहिलं. पण नातं म्हणजे कारण नव्हे. घोरणाऱ्यांत वजन, शुगर, बीपी हे सगळं एकत्रच असतं, आणि डोळ्याचं नुकसान यातल्या कोणी किती केलं हे वेगळं काढणं अवघड असतं. ॲप्नियावरचा मुख्य इलाज म्हणजे सीपॅप यंत्र : नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवायचा. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ते जगापुढे आणलं. त्याने दिवसाची झोपाळू अवस्था जाते, यात शंका नाही. पण शुगरमुळे पडद्याच्या मधोमध पाणी साठलेल्या पेशंटना ब्रिटनमध्ये वर्षभर सीपॅप देऊन पाहिलं, तेव्हा नजर सुधारली नाही. भारतासह सात देशांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतही हृदयविकाराचे झटके आणि लकवे कमी झाले नाहीत. त्यातले पेशंट यंत्र लावत होते रात्री सरासरी सव्वातीन तास. उरलेली रात्र घसा मोकळाच होता, बंद पडायला. त्यामुळे यंत्र कुचकामी की वापर अपुरा, हा वाद मिटलेला नाही.

हे सगळं आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आता "घोरणं थांबवा, डोळे वाचवा" छापाच्या जाहिराती मोबाइलवर यायला लागल्या आहेत. नाकात घालायच्या क्लिपा, हनुवटीचे पट्टे, तेलं. गेलेली नजर सीपॅपनेही परत येत नाही, तिथे तेलाने काय येणार? यंत्र स्वस्त नाही. कोणी सोनं गहाण टाकून ते घ्यायला निघाला असेल, तर आधी नीट तपासणी, मग निर्णय, एवढं आमचं ऐकावं.

पण पुरावा पूर्ण होईपर्यंत गप्प बसा, हेही आम्हाला मान्य नाही. ज्या आजाराने बीपी तीन-तीन गोळ्यांना दाद देत नाही, गाडी चालवताना डुलकी लागते, तो शोधायला डोळ्याचं कारण नसतं तरी चाललं असतं. देशभरातले अभ्यास एकत्र करून एम्सच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये मांडलेला अंदाज आहे की प्रौढ भारतीयांपैकी सुमारे ११ टक्क्यांना हा त्रास आहे. दहात एक धरा. तुमच्या गल्लीत किती घरं आहेत?

मग सापडत का नाहीत? कारण आपला माणूस दवाखान्यात तुकड्यातुकड्यांनी बघितला जातो. डोळ्याचा केसपेपर वेगळा, बीपीचा वेगळा, कान-नाक-घशाचा वेगळा. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाईपर्यंत दिवसाची मजुरी बुडते. डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्यावर बारीक धमन्या दिसतात, ते कागदावर लिहितात "बीपी तपासा". बीपी बघणारा गोळी वाढवतो. रात्री काय होतं, हे ना त्याने विचारलं, ना याने सांगितलं, कारण ते त्याला स्वतःला माहीतच नाही. माहीत आहे ते शेजारी झोपणाऱ्याला, आणि त्याला आपण दाराबाहेर बसवतो. "नातेवाईक बाहेर थांबा!" ओपीडीत हे वाक्य दिवसातून शंभर वेळा ऐकू येतं. ॲप्नियाच्या बाबतीत तो नातेवाईकच साक्षीदार आहे आणि त्याची साक्ष फुकट मिळते.

बंगल्यात वेगवेगळ्या खोल्यांत झोपणाऱ्यांना हे साक्षीदार नसतात. दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच असतात. एवढ्या एका बाबतीत आपली खोली श्रीमंत आहे. रात्रपाळीचा वॉचमन, साइटवरच्या शेडमध्ये राहणारा मजूर, होस्टेलवरचा विद्यार्थी यांनी सोबत्याला विचारावं, नाहीतर मोबाइल उशाशी ठेवून आवाज टेप करावा. दहा मिनिटांचा तो आवाज डॉक्टरांना ऐकवला तर निम्मं काम होतं.

बायकांचं वेगळं आहे. बाई घोरते हे सांगायची लाज तिलाही वाटते आणि घरच्यांनाही. पाळी गेल्यानंतर हा आजार बायकांत वाढतो, थायरॉइड मंदावला असेल तर त्याचाही वाटा असतो. त्यांची तक्रार घोरण्याची नसतेच. झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, कामात लक्ष लागत नाही, उगाच रडू येतं, असं त्या सांगतात. त्यांना मिळतात रक्तवाढीच्या किंवा झोपेच्या गोळ्या. झोपेच्या काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. आणि हा आजार फक्त जाड्यांना होतो, हेही डोक्यातून काढा. जबडा लहान किंवा मागे असलेल्या सडपातळ माणसालाही तो होतो.

चालकांबद्दल बोललं पाहिजे. रिक्षा, टेम्पो, बस, कचऱ्याची गाडी चालवणारे आपले कितीतरी भाऊ आहेत. त्यांना विचारलं की ते सरळ नाही म्हणतात. आजार लिहिला गेला तर स्टिअरिंग हातातून जाईल, ही भीती आहे आणि ती खोटी नाही. म्हणून आमची मागणी अशी की, कामगाराची तपासणी व्हावी ती इलाजासाठी, कामावरून काढण्यासाठी नव्हे. इलाज चालू असेपर्यंत त्याला दुसरं काम द्यावं आणि पगार तोच ठेवावा. हे लेखी मिळाल्याशिवाय कोणी खरं बोलणार नाही, आणि खरं न बोलल्याचा धोका त्याच्या डोळ्यांना जेवढा, तेवढाच रस्त्यावरच्या माणसाला.

सरकारी तपासणीत तिशीवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर बघायचं, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर शोधायचा, असं ठरलेलं आहे. आशाताई घरोघर जाऊन माहिती भरतात. त्या यादीत घोरण्याचा आणि श्वास अडकण्याचा प्रश्न हवा. त्याला पैसा लागत नाही. गळ्याचा घेर मोजायला टेपही पुरतो. ४० सेंटिमीटरच्या वर गेला तर धोका वाढतो. पैसा लागतो तो पुढे. झोपेच्या तपासणीला खाजगीत काही हजार रुपये मोजावे लागतात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात रात्रभर ऑक्सिजनची नोंद ठेवणारी बोटाची यंत्रं आणि घरी नेता येण्याजोगी तपासणी असायला काय हरकत आहे? सीपॅपही उसन्या तत्त्वावर देता येईल. आपल्या आरोग्य योजनांची सगळी रचना भरती आणि शस्त्रक्रियेभोवती आहे. आंधळा झालेला माणूस त्यात बसतो, आंधळा होऊ नये म्हणून लागणारं यंत्र बसवायला फार कागद लागतात.

आणि आपल्या स्वतःच्या शिबिरांबद्दल. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर, एप्रिलमध्ये वस्तीवस्तीत आरोग्याचे तंबू लागतात. बीपी मोजतात, शुगर बघतात, चष्मे वाटतात, फोटो निघतो. चष्म्याचा नंबर निघाला म्हणजे डोळा तपासला असं होत नाही. शुगर असलेल्याचा पडदा वर्षातून एकदा थेंब टाकून बघायलाच हवा, मग त्याला स्पष्ट दिसत असो वा नसो. पुढच्या वेळी आयोजकांनी चष्मे पन्नास कमी वाटावेत, पण पडदा बघणारा एक डॉक्टर आणावा.

घरी काय करता येईल, तेही सांगतो. पाठीवर झोपल्यावर त्रास वाढतो, म्हणून कुशीवर झोपा. संध्याकाळची दारू घसा सैल करते, ती बंद. वजन दहा टक्के उतरलं तर श्वास थांबण्याच्या घटना साधारण पाव हिश्श्याने कमी होतात, असं अमेरिकेतल्या पाहणीत आढळलं. ८० किलोच्या माणसाला आठ किलो, म्हणजे सोपं नाही, पण अशक्यही नाही. मूल तोंड उघडं टाकून घोरत असेल तर टॉन्सिल दाखवा. रात्री घ्यायची बीपीची गोळी डोळ्याला बाधते का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा, विशेषतः एक डोळा गेला असेल तर. मनाने मात्र बंद करू नका. काहींचं बीपी रात्री फार उतरतं, तर ॲप्नियाच्या अनेकांचं उतरायला हवं तेवढंही उतरत नाही, आणि तुम्ही कुठल्या गटात आहात हे घरबसल्या कळत नाही.

ज्यांच्याकडे सीपॅप आहे त्यांनी मुखवटा नाकाजवळ नीट बसतो का ते बघावं. वरून हवा गळली तर ती थेट डोळ्यावर जाते आणि सकाळी डोळे कोरडे, लाल होतात. लोक मग यंत्रच कपाटात टाकतात. मुखवट्याचा आकार बदलून मिळतो. काचबिंदू असेल तर यंत्र वापरतो हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, कारण त्याने रात्री डोळ्यातला दाब थोडा वाढू शकतो.

आणि सकाळी उठल्यावर एका डोळ्याने धूसर, अर्धं किंवा काळं दिसलं, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. दुसरा डोळा हाताने झाकून खात्री करा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना शेजारी झोपणाऱ्याला सोबत न्या. बाहेर थांबा म्हणाले तर सांगा, रात्रीचं यांनाच माहीत आहे.